नाकाकडची कड

त्यांना सगळे नंबरकाका म्हणत, आणि ते स्वतः माणसांना नंबरावरूनच ओळखत. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आले की काकू विचारत, "आज कोण कोण आलं होतं?" आणि हे सांगत, "मायनस चार आली होती, सुनेला घेऊन. सून प्लस दीड. जमायचं नाही त्या दोघींचं."

"अहो, माणसांना नावं असतात!"

"नाव काय, आईबाप मनाला येईल ते ठेवतात. नंबर मोजून काढलेला असतो."

काकू कपाळाला हात लावत आणि पोळपाट पुढे ओढत. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं.

चष्म्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मध्ये राहून गेलेली फट होती. एक माणूस स्टुलावर बसला की दुसऱ्याने अंग चोरूनच आत यायचं. अक्षरांचा फळा लांब टांगायला जागा नव्हती, म्हणून तो गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावलेला, अक्षरं उलटी, आणि समोर मोठा आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वाचायचं. नवा माणूस हटकून मागे वळायचा, मग नंबरकाका म्हणायचे, "मागे काय बघता, पुढे बघा. आयुष्याचाही नियम तोच." हा विनोद ते रोज करत आणि रोज नव्याने खूश होत.

पडद्यामागे त्यांचं खरं राज्य होतं. तिथे काच घासायचं चाक होतं, त्यावर थेंबथेंब पाणी पडत राहायचं, आणि पांढरा गाळ काकांच्या नखांत कायमचा मुक्कामाला आलेला. मोठ्या मायनस नंबराची काच मधे पातळ आणि कडेला जाड असते. बाटलीच्या बुडासारखी. त्यामागे माणसाचे डोळे मुंगीएवढे दिसतात. वर्गातली पोरं 'बाटली, बाटली' म्हणून चिडवतात, आणि मुलगी चष्मा दप्तरात लपवून भिंतींवर आपटत फिरते. नंबरकाकांना हे सहन व्हायचं नाही. ते लहान गोल फ्रेम निवडायचे, काचेची कड तिरकी मारायचे, पुन्हा घासायचे, पॉलिश करायचे, आणि मायनस बाराची काच मायनस सहासारखी दिसायला लागली की आरशासमोर धरून म्हणायचे, "सांगा बघू, कुठे आहे कड?" त्या दुकानात 'कड' या शब्दाला एकच अर्थ होता. काचेची कड. दुसरी कड असते हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता बारकीबद्दल सांगायला हवं. बारकी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. लहानपणी सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघायची, म्हणून हे नाव पडलं. टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली की घरातले म्हणत, नाटकं करते, लाडावलीय. काकांनीच एक दिवस तिला कडेवर घेऊन स्टुलावर बसवलं आणि नंबर काढला. चार वर्षांची पोर आणि मायनस सात! पहिला चष्मा डोळ्यांवर चढला तेव्हा तिने आधी बापाच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि ओरडली, "बाबा, तुमच्या नाकात केस आहेत!" त्यानंतर पोर वीतभर वाढली की नंबर दोनाने वाढायचा. तिचे सगळे चष्मे काकांनी स्वतःच्या हाताने केले. आता ती अडतीस वर्षांची होती. उजवा डोळा मायनस एकोणीस, डावा साडेसतरा.

ती रफू करायची. कोटाला पडलेलं भोक, सुटाच्या गुडघ्यावरचा सिगरेटचा चटका, स्वेटरला लागलेली कसर. त्याच कापडातला दोरा काढून ती असं विणायची की मालकाला आपलंच भोक सापडायचं नाही. त्यासाठी ती चष्मा काढून ठेवायची. मायनस एकोणीसचा डोळा उघडा असताना लांबचं काही बघत नाही, पण चार बोटांवर धरलेल्या कापडाचा तंतू न् तंतू त्याला दिसतो. कापड इतकं जवळ धरलं की दोन्ही डोळे एका जागी येत नाहीत, म्हणून बारकी उजव्याच डोळ्याने काम करायची. "एक डोळा कमावतो आणि दुसरा बसून खातो," असं तिचा नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याच्याही जिभेला कधी ब्रेक नव्हता.

एका सोमवारी बारकी दुकानात आली. "काका, उजवीकडे कड काळी दिसतेय."

"कुठली कड?"

"नाकाकडची. खाली."

काकांनी चष्मा हातात घेतला, उजेडात फिरवला. काच महिन्यापूर्वीचीच. "नाकाकडे किंचित जाड राहिलीय खरी. बस तू."

"आणि बाजूला मधूनच वीज चमकल्यासारखं होतं."

"उजेड पडतो कडेवर, तो चमकतो. पॉलिश कमी पडलंय माझं."

तरी त्यांनी तिला आरशासमोर बसवून वाचायला लावलं. उजव्या डोळ्याने ती नेहमीच्याच ओळी वाचून गेली, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. "बघ! डोळा ठणठणीत आहे," काका म्हणाले. मग पाऊण तास चाकावर बसून त्यांनी नाकाकडची कड नव्याने मारली. बारकी म्हणाली, "थँक्यू हं काका." काकांनी हात झटकला. घरच्या पोरीचे कसले थँक्यू.

शुक्रवारी ती पुन्हा आली. "कड वर आलीय."

"वर आली म्हणजे चष्मा खाली घसरलाय. नाक कुठे दिलंय देवाने तुला!" त्यांनी नाकावरचे पॅड वाकवले, दांड्या गरम करून कानामागे घट्ट बसवल्या. ती बिचारी मान डोलावून गेली.

मग आला पुढच्या आठवड्यातला बुधवार. दुकानात दोन माणसं होती. एक निवृत्त बसचालक, ज्यांना सगळे बसवाले म्हणत, आणि एक शाळेतल्या बाई. बारकी अंग चोरून आत आली, स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "काका, ती कड आता अर्ध्यावर आलीय. आणि... चष्मा काढला तरी दिसते."

इथे थांबायला हवं होतं. चाकासमोर पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाने निदान एवढं तरी म्हणायला हवं होतं की अगं, चष्मा काढल्यावर चष्म्याची कड दिसेल कशी? ही पोर कमावते ते चष्मा काढून. तिच्याइतकं उघड्या डोळ्याने या गावात कोण बघतं? पण समोर दोन माणसं होती, आणि नंबरकाकांच्या जिभेवर विनोद आधीच येऊन बसला होता.

"चष्मा काढल्यावर तुला भिंत दिसत नाही," ते म्हणाले, "आणि कड दिसते?"

बसवाले खो खो हसले. शाळेतल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. काका तर स्वतःच्या विनोदावर मांडीवर थाप मारून हसले. बारकीने चष्मा काढलेला होता, त्यामुळे आरशात तिला फक्त हलणारे रंग दिसले असतील. तीही हसली. मग चष्मा चढवून, "मी नंतर येते, गर्दी आहे," असं म्हणून निघून गेली.

गर्दी दोन माणसांची होती.

गुरुवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. बारकीला सुई दिसत नव्हती. सुई हातात होती, दुसऱ्या हातात दोरा होता, आणि उजव्या डोळ्यासमोर मधोमध राखाडी काहीतरी हलत होतं, पाण्यात बुडालेल्या फडक्यासारखं. नंबरकाका शटर अर्धवट ओढून धावले.

डोळ्यांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं. त्यांनी काकांना ओळखलं. "नंबरकाका ना तुम्ही? तुम्ही काढलेला नंबर मला पुन्हा तपासावा लागत नाही." काकांना कुणी चिमटा काढावा तसं झालं. बाईंनी बारकीला आडवं केलं, कपाळाला दिवा बांधला, हातात भिंग धरलं आणि बोथट सळीने पापणीवरून डोळा दाबत कानाकोपरा बघितला. बारकीने खाटेची कड घट्ट धरली होती.

"पडदा सुटलाय," बाई म्हणाल्या. "डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, तो. एवढ्या मोठ्या नंबराचा डोळा लांबट असतो, पडदा ताणून ताणून विरलेला असतो. वरच्या बाहेरच्या बाजूला फाटलाय, तिथून आत पाणी शिरलंय आणि पडदा भिंतीपासून सुटत खाली आलाय. वर फाटलं की माणसाला खाली काळं दिसतं. बाहेर फाटलं की नाकाकडे. कधीपासून दिसत होतं?"

नाकाकडे. खाली. काकांच्या कानात ते दोन शब्द सोमवारच्या आवाजात वाजले.

बारकी गप्प राहिली. बरीच गप्प राहिली. मग म्हणाली, "परवापासून."

"हे परवाचं नाही. आठ-दहा दिवस तरी झालेत. काळं दिसलं असेल, बाजूला वीज चमकली असेल."

"लक्ष नाही दिलं. कामाच्या नादात."

"कमाल आहे तुमची!" डॉक्टरबाई दिवा सोडत म्हणाल्या. "मायनस एकोणीसच्या माणसाने लक्ष नाही दिलं? सख्खे काका चष्म्याच्या दुकानात बसलेले! त्यांच्या कानावर एक शब्द घातला असतात तर त्याच दिवशी ओढत आणलं असतं त्यांनी तुम्हाला."

"ऐकते कुठे ही कुणाचं," लिफ्टवाला म्हणाला. "हातातला कोट संपल्याशिवाय घराला आग लागली तरी उठायची नाही."

नंबरकाकांनी तोंड उघडलं. आता बोलायचं, एवढंच बोलायचं, की बाई, तीन वेळा आली होती माझ्याकडे. वाक्य तयार होतं. पण ते बाहेर यायच्या आधी डॉक्टरबाई वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही होतात म्हणून आज तरी आली," आणि काकांचं उघडलेलं तोंड मिटलं. वर त्यांनी मानही हलवली. हो म्हणून.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन झालं, दोन तासांच्या वर. बारकी जागी होती. डोळ्याच्या बाजूला सुई देऊन फक्त तो भाग बधिर केला होता. बाहेर बाकावर लिफ्टवाला काकांच्या शेजारी बसून पाय हलवत होता. "तुमचा आधार आहे म्हणून बरं," तो दर पंधरा मिनिटांनी म्हणायचा, आणि दर पंधरा मिनिटांनी काका बाकावर थोडे आणखी कडेला सरकायचे.

डॉक्टरबाई टोपी काढत बाहेर आल्या. "पडदा बसलाय. बाहेरून डोळ्याला पट्टी शिवली, पट्ट्याने कंबर आवळतात तशी, म्हणजे भिंत पडद्याच्या जवळ येते. आतला चिकट गर काढला, पडद्यामागचं पाणी काढलं, फाटलेल्या जागेभोवती लेझरने डाग दिले. आणि आत गॅस भरलाय. गॅसचा बुडबुडा वर जातो. मान खाली ठेवली तर डोळ्याची मागची बाजू वर येते आणि तो बुडबुडा पडद्याला दाबून धरतो. म्हणून दहा दिवस मान खाली. जेवताना, चालताना, झोपताना. वर बघायचं नाही. गॅस आपोआप जिरेल, महिनाभर लागेल."

"दिसेल ना?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"दिसेल. किती ते गॅस गेल्यावर कळेल. बारीक काम करायचा जो मधला भाग असतो ना, तोही सुटला होता. पण तो अगदी आत्ता सुटलाय, एखाद्या दिवसापूर्वी." त्यांनी टोपी खिशात कोंबली. "बुधवारी दुपारी जरी आली असती, तरी तो वाचवता आला असता."

बुधवारी दुपारी. काका भिंतीला टेकले. भिंत होती म्हणून बरं.

दुसऱ्या डोळ्याचाही पडदा दोन ठिकाणी विरलेला निघाला. तिथे त्याच आठवड्यात लेझर मारून घेतला.

मग सुरू झाले मान खाली घालायचे दिवस. बारकीच्या घरी टेबलाच्या काठावर उशी ठेवली होती. त्यावर कपाळ टेकून ती बसायची. झोपायची पालथी, जेवायची ताट मांडीवर घेऊन. दिवसभर तिला दिसायची फक्त जमीन आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. "तुम्ही नंबरावरून ओळखता, मी चपलांवरून," ती काकांना म्हणाली, आणि काकांना हसू आलं नाही.

येणारे बोलायचे. आजारी माणसाला बोलायला लोकांना जरा जास्तच जोर येतो. शेजारीण म्हणाली, "अगं, वेळेवर दाखवायचं नाही का? घरात वैद्य आणि पोटात दुखणं!" मावशी म्हणाली, "शेवटी मान खाली घालायची पाळी आलीच ना तुझ्यावर?" आणि स्वतःच हसली. लिफ्टवाला प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा: कशी हिने लक्ष दिलं नाही, कसे काका धावत आले, कशा डॉक्टरबाई ओरडल्या. रोज सांगून सांगून त्या गोष्टीला आता चांगली धार आली होती. बारकी टेबलावर कपाळ टेकून सगळं ऐकायची. आणि ज्याने मान खाली घालायची तो माणूस खुर्चीत ताठ बसून समोरच्या कॅलेंडरकडे बघत असायचा.

सहाव्या दिवशी दुपारी घरात ती दोघंच होती. नंबरकाका खुर्चीतून उठले, गुडघे मोडत जमिनीवर बसले, मग आडवे झाले आणि सरकत सरकत टेबलाखाली गेले, बारकीच्या तोंडासमोर आपलं तोंड येईल असे.

"अगं बाई! काका, उठताना क्रेन लागेल हं."

"बारके, तू का सांगितलं नाहीस?"

"काय?"

"की माझ्याकडे आली होतीस. तीनदा."

वरून तिचा एक डोळा त्यांच्याकडे बघत होता. दुसऱ्यावर पांढरी वाटी बांधलेली. "मी थांबले होते ना," ती म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा. मला वाटलं, तुम्ही सांगाल. मला दिसत नव्हतं, पण कान तिकडेच होते. खूप वेळ थांबले. मग आता डॉक्टर काय म्हणतील, म्हणून मीच 'परवा' म्हणून टाकलं."

काकांनी टेबलाचा पाय धरला.

"आणि खरं सांगू? मला लाज वाटत होती."

"तुला? तुला कसली लाज?"

"तुम्ही सगळे हसलात ना तेव्हा. मला वाटलं, खरंच की, काय मूर्खासारखं बोलले मी. रस्ताभर कान गरम झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुई दिसेना, तरी मी तासभर कुणाला बोलले नाही. म्हटलं, परत हसतील."

नंबरकाका टेबलाखाली उताणे पडून रडले. रडताना चष्म्यात पाणी साचलं आणि ते पुसायलाही हात वर होईना, इतकी जागा कमी.

"मी आज सांगतो," ते म्हणाले. "जावयांना सांगतो, डॉक्टरांना सांगतो."

"त्यांना सांगा. हे ओरडतील, तुम्ही रडाल, काकू चहा करतील आणि घरातलं घरात मिटेल. दुकानात सांगा, काका. हसलात तिथे."

"दुकानात?"

"तिथे रोज कोणीतरी येऊन काहीतरी सांगत असेल ना तुम्हाला." मानेला रग लागली होती, तिने कपाळ उशीवर इकडून तिकडे केलं. "जमत नसेल तर राहू दे. पण मग माझ्याकडे येऊन असे जमिनीवर लोळू नका. मला मान वळवून घेता येत नाही, नाहीतर वळवली असती."

जावयाला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, दारातच. लिफ्टवाला ओरडला नाही. हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "मी सहा दिवस तिला बोलतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "काही दिवस येऊ नका इथे." आणि दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने हळू लावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, कागदावर 'दहा दिवस' असं लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हाच सांगायला हवं होतं."

घरी काकूंना सांगायला लागले तर काकू म्हणाल्या, "मला माहीत आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. त्या बुधवारी, ताट वाढताना. चष्मा काढल्यावर भिंत दिसत नाही आणि कड दिसते, म्हणून." काकूंनी ओट्यावरचं फडकं पिळलं, परत पिळलं. "मी पण हसले होते."

दुकानात सांगणं मात्र होईना. रोज शटर वर करताना ठरवायचं, आज. पहिलं गिऱ्हाईक यायचं आणि वाटायचं, हा फार ओळखीचा आहे. दुसरं यायचं आणि वाटायचं, हा अगदीच अनोळखी. कुणी म्हणायचं, "पुतणीचं कळलं हो. तुम्ही वेळेवर नेलंत म्हणे," आणि काका चाकाचं बटण दाबायचे, म्हणजे उत्तर द्यायला नको. त्यांचे विनोद बंद झाले. गिऱ्हाईक मागे वळून फळ्याकडे बघायचं, तर काका फक्त म्हणायचे, "पुढे." असा महिना गेला.

महिन्याने बारकीच्या डोळ्यातला गॅस जिरला. ती हॉस्पिटलला जाऊन आल्याचं काकूंनी सांगितलं. काकांना अजून त्या घराची पायरी मना होती. बारकीने उजव्या डोळ्याने वरच्या दोन ओळी वाचल्या. पण ओळी सरळ दिसत नव्हत्या, मधे खचल्यासारख्या वाकायच्या. तिने घरी येऊन सुटाचं कापड उजव्या डोळ्याशी धरलं, तर उभे धागे एकमेकांत शिरत होते. मग ते तिने डाव्या डोळ्याशी धरलं. त्या डोळ्याला सवय नव्हती. एवढुसं भोक भरायला पूर्वी तास लागायचा, आता दोन दिवस. तेही तिने उसवून पुन्हा केलं म्हणे.

त्याच आठवड्यात बसवाले दुकानात आले. दांडीचा स्क्रू सैल झाला होता. स्टुलावर एक तरुण आई लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, तिचा नंबर काढायला. नंबरकाकांनी बसवाल्यांचा चष्मा घेतला, स्क्रू आवळला, काच पुसली, पुन्हा पुसली आणि परत दिलाच नाही.

"बसवाले," ते म्हणाले, "त्या बुधवारी माझी पुतणी आली होती, आठवतं?"

"आठवतं म्हणजे!" बसवाले आधीच हसायला लागले होते. "भिंत दिसत नाही आणि कड दिसते! अहो, मी घरी जाऊन सांगितलं, आमची ही हसून हसून..." आणि ते पुन्हा खो खो हसले, त्या दिवशीसारखेच. आईच्या मांडीवरची पोरगीही मोठा माणूस हसतो म्हणून हसली.

"हसू नका," काका म्हणाले. "ती खरं सांगत होती. तिच्या डोळ्यातला पडदा सुटत होता. तीन वेळा येऊन तिने मला सांगितलं, कुठे काळं दिसतं तेसुद्धा बोट ठेवून सांगितलं, आणि मी तिच्या चष्म्याची काच घासत बसलो. तिसऱ्या वेळी हसलो. दुसऱ्या दिवशी डोळा गेला होता. वेळेवर नेलं, धावत नेलं, असं जे लोक म्हणतात ते खोटं आहे. ते खोटं मी चालू दिलं."

बसवाल्यांचं हसणं एकदम थांबलं नाही. आधी तोंड तसंच उघडं राहिलं, मग आवाज गेला, आणि मग त्यांनी तोंड मिटलं. "बारकी?" ते म्हणाले. "आपली बारकी?"

"हो."

"पण तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत, काका."

दार उघडं होतं. त्यातून बाहेर पडता आलं असतं. नंबरकाका म्हणाले, "मुद्दाम नाही. पण तिने सांगितलं होतं."

स्टुलावरच्या बाईने मुलीला मांडीवरून खाली उतरवलं. "आम्ही... आम्ही नंतर येतो," ती म्हणाली.

"नंतर या. पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. बाहुली मोठी करून आतला पडदा तपासून घ्या. मी फक्त काच बघतो, बाई. आतलं मला काही दिसत नाही. पस्तीस वर्षं दिसतं असं दाखवत आलो."

ती पोरीचा हात धरून गेली. बसवाल्यांनी आपला चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर न लावता खिशात टाकला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. आत यावं की जावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. जाता जाता एवढंच म्हणाले, "मी घरी सांगितलंय हो सगळ्यांना. आता परत सांगायला लागेल."

काका स्टूल सरळ करत होते तेवढ्यात दारात शाळेतल्या बाई आल्या, डोळ्यावरची बट मागे सारत. "काय हो नंबरकाका, बसवाले असे तोंड पाडून का निघाले? काय सांगितलंत त्यांना?"

एकदा सांगून झालं होतं, आणि काहीच कमी झालं नव्हतं. त्यांनी चाकाचं बटण बंद केलं.

"बसा, बाई," ते म्हणाले. "त्या बुधवारी तुम्हीही होतात."